रिसॉर्टातलं धोंड्याचं जेवण

लेक गेल्यावर जावयाला धोंड्याचं जेवण घालतात की नाही, यावर काष्टीत चार बायका जमल्या की चार मतं पडत होती. चांगुणाने एकाही मताला भीक घातली नाही. तीन वर्षांनी अधिक महिना येतो, त्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे असतात, आणि निकिता नसली तरी कल्याण आपला जावई आहेच, इतकं तिचं साधं म्हणणं होतं. शेजारच्या लंकाबाईने तोंडावर विचारलं, "अगं, त्यानं दुसरी केली. आता त्यो कुनाचा जावई?" चांगुणा म्हणाली, "तिच्या घरचाबी अन् माझाबी." लंकाबाई पदराआड हसून निघून गेली.

खरं कारण चांगुणाने लंकाबाईला कशाला सांगावं? ते फक्त नवऱ्याला, कारभारीला, ठाऊक होतं. तिला जावयाची एवढी पडलेली नव्हती. तिला नात हवी होती. ज्ञानेश्वरी आता सात वर्षांची झाली होती, आणि आई गेल्यापासून तिने काष्टीच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. निकिता दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती, ज्ञानूला बोटाला धरून. एका पहाटे तिला झटके आले. गाडी मिळून दवाखान्याच्या वाटेला लागेपर्यंत तीही गेली आणि पोटातलं बाळही गेलं. त्या दिवशी पोरगी बापाबरोबर केडगावला परत गेली ती गेलीच. दर सुट्टीत चांगुणा फोन करायची आणि कल्याण म्हणायचा, "बघू, मामी." त्या बघूबघूत दोन वर्षं सरली.

यंदा अधिक महिना ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत आला, तेव्हा चांगुणाने मनाशी बेत पक्का केला. जावयाला पोटभर जेवू घालायचं, आणि हात धुऊन तो सुपारी चघळायला लागला की म्हणायचं, पोरीला आठ दिवस ठेवून जा. तूप-पुरण पोटात गेलेला माणूस सहसा नाही म्हणत नाही, हा तिचा आयुष्यभराचा अनुभव होता.

पण कल्याण फोनवर म्हणाला, "येतो मामी, पण घरी नको. तिथं आलो की मला..." आणि मध्येच थांबला. मग म्हणाला, "दौंड रोडला ते झुळूक रिसॉर्ट झालंय ना, तिथं भेटू. ज्ञानूला पाण्यात खेळता येईल. त्यांनी जावयासाठी धोंड्याची स्पेशल थाळी ठेवलीय. मी बुक करतो. तुम्ही काही करून आणू नका, बाहेरचं आत घेत न्हाईत."

कल्याण वाईट माणूस नव्हता, म्हणून तर तिला त्याच्यावर धड रागावताही येईना. सासूने जावयाला बोलवायचं सोडून जावईच सासूला जेवायला बोलावत होता. कारभारी म्हणाला, "चल की. नात तर दिसंल."

रिसॉर्टच्या फाटकावर फायबरचा निळा हत्ती सोंडेतून पाणी उडवत होता. आतल्या पोराने कारभारीच्या मनगटावर कागदी पट्टा चिकटवला तेव्हा तो पुटपुटला, "जनावराच्या कानाला बिल्ला मारत्यात तसं झालं हे." नाश्ता तिकिटातच होता. पोहे इतके घट्ट होते की चमचा रोवला तर उभा राहावा, आणि चहा म्हणजे गोड कोमट पाणी. पांढरी टोपी नीट करून कारभारीने ते सगळं निमूट संपवलं, कारण ताटात टाकणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

ज्ञानेश्वरी पाण्यातून आली ती ओलीच आजीला येऊन बिलगली. चांगुणाचं लुगडं पार भिजलं. पोरीच्या केसांना पाण्यातल्या औषधाचा वास येत होता, समोरचे दोन दात पडले होते, आणि हसली की ती थेट निकिता दिसत होती. चांगुणाने तिला इतकं घट्ट धरलं की पोरगी म्हणाली, "आजी, सोड, मला श्वास येईना." पोरगी आपल्याला विसरली नाही, एवढं कळल्यावर चांगुणाच्या जिवात जीव आला. आता नुसतं जेवण नीट झालं की मिळवलं, असं तिला वाटलं.

मागून सुकन्या आली, कल्याणची नवी बायको. खर्डा गावाकडची पोर, आई लहानपणीच वारलेली. तिने पाया पडून टॉवेलने ज्ञानूचं डोकं पुसायला घेतलं. चांगुणा तिच्यात खोट शोधत होती. म्हणजे तसं ठरवून आली नव्हती, पण डोळे शोधत होते. पोरीच्या कानामागचं पाणीसुद्धा सुकन्या ओढणीच्या टोकाने टिपत होती, आणि पोरगी मान वाकडी करून, डोळे मिटून उभी होती. खोट काही सापडली नाही. चांगली आहे याचा आनंद व्हावा, तर तो पुरता होईना.

दुपारी जेवायच्या हॉलमध्ये गेले तर दारावरच मोठा फलक होता, 'जावईबापू स्पेशल'. फलकावरच्या चित्रात धोंड्यावरून तुपाची धार ओघळत होती. खाली जावईबापू हातात कुपन धरून रांगेत उभे होते, गळ्यात टॉवेल, अंगात ओल्या चड्ड्या. चांगुणाला लाजल्यासारखं झालं. घरी असता तर कल्याणला पाटावर बसवला असता, ताटाभोवती रांगोळी काढली असती, आणि तो पुरे पुरे म्हणत असताना तिने आणखी एक धोंडा ताटात सोडला असता. इथे तो दोन्ही हातांत दोन ताटं सांभाळत सासूसाठी जेवण आणत होता.

आणि ते जेवण तरी कसं? धोंडा मशीनमध्ये गरम केलेला, वरून बोट भाजेल आणि आत पुरण थंडगार. पुरणात गुळाचा पत्ता नाही, नुसती साखर. जायफळ-वेलदोडा तर त्या पुरणाने बघितलाही नसावा. तूप म्हणून जे वाटीत होतं ते टाळूला चिकटून बसलं. भजी मऊ पडलेली. आमटीत चमचा फिरवून कारभारी म्हणाला, "ह्यात चेहरा दिसतोय माझा." कल्याण ओशाळून म्हणाला, "फोटोत थाळी चांगली वाटली हो मामा."

चांगुणाने वाढणाऱ्या पोराला हाक मारली. "बाळा, आमच्या जावयाला अजून एक धोंडा आन."

"मावशी, थाळीत दोनच येतात."

तिने आपल्या ताटातला न शिवलेला धोंडा उचलला आणि कल्याणच्या ताटात ठेवला. कल्याणने तो खाल्ला, घास घशाखाली उतरत नसतानाही खाल्ला. ते पाहून चांगुणाचं मन भरून आलं. विचारायचं ते आता विचारावं म्हणून तिने पदर सावरला.

तेवढ्यात माईकवाला आला. डोक्याला तयार पगडी, ओठावर चिकटवलेल्या मिशा, बरोबर ताम्हनात दिवा घेतलेली एक मुलगी. प्रत्येक टेबलाजवळ थांबून तो जावयाला ओवाळायला लावायचा, लेक-जावयाचा सासूबरोबर फोटो काढायचा, आणि हॉल टाळ्या वाजवायचा. त्यांच्या टेबलापाशी येऊन त्याने माईक चांगुणाच्या तोंडासमोर धरला.

"आमच्या सासूबाईंची लेक कुठंय? लेकीनं जावयाशेजारी यायचं."

कल्याणचा घास हातातच राहिला. कारभारीने मान खाली घातली. सुकन्या उठायचं की बसायचं ते न कळून खुर्चीच्या कडेवर तशीच टेकून राहिली.

आपल्यात दुसरेपणाच्या बायकोला पहिलीचं माहेर लागतं. पहिलीच्या आईने तिला लेक म्हणायचं, तिची ओटी भरायची, सणावाराला न्यायचं. चांगुणाला हे सगळं ठाऊक होतं. ते घरी, देवासमोर, सावकाश करावं असं तिच्या मनात होतं. तेवढं मोठं मन करायला तिला अजून थोडा वेळ हवा होता. पण माईक तोंडासमोर होता, पन्नास माणसं माना वळवून बघत होती, आणि ती आई नसलेली पोर खाली बघत होती. शिवाय सुकन्या लेक झाली की काष्टी तिचं माहेर झालं, आणि आई माहेराला निघाली की पोरगी आपोआपच मागे आली. चांगुणाने गळ्याशी आलेलं निकिताचं नाव गिळलं.

"ही माझी लेक," ती म्हणाली. "सुकन्या."

टाळ्या वाजल्या. सुकन्याने वर पाहिलं, तिचे डोळे भरले होते. "आई," ती म्हणाली, अगदी हळू, जणू तो शब्द वापरून बघत होती. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी चांगुणाला ते गोड वाटलं.

ज्ञानेश्वरीच्या हातातली वाटी खाली पडली. ती खुर्चीवर चढली आणि तिने सुकन्याच्या गळ्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. "न्हाई. ही आजीची लेक न्हाई."

लोक हसले. माईकवाल्याला वाटलं, बरी गंमत मिळाली. त्याने माईक पोरीकडे नेला. "मग कुणाची आहे, बेटा?"

"माझी मम्मी आहे," पोरगी रडत म्हणाली. "आजीची लेक काष्टीला जाते आणि मरते. हिला न्यायचं न्हाई."

माईकमधून ते साऱ्या हॉलला ऐकू गेलं. माईकवाल्याने हात खाली घेतला आणि तो पुढच्या टेबलाकडे सरकला. दिवा घेतलेली मुलगी क्षणभर तिथेच उभी राहिली, मग तीही गेली.

"ज्ञानू," कल्याण दरडावून म्हणाला.

"तिला बोलू नका," चांगुणा म्हणाली.

दोन वर्षं ती नाही नाही ते मनात आणत होती. पोरीला कुणीतरी आपल्याविरुद्ध शिकवतंय, जावई मुद्दाम पाठवत नाही, नवी आली आणि जुनं तुटलं. रात्ररात्र तिने त्या सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. आणि पोरीच्या मनात एवढंच होतं, की आईबरोबर आजीच्या घरी गेले आणि येताना आई नव्हती. याच्यावर आजी तरी काय उत्तर देणार? हे खोटं आहे असं तिला कसं सांगणार?

ती उठून पोरीजवळ गेली. पोरीने सुकन्याला आणखी घट्ट धरलं, तेव्हा चांगुणा दोन पावलं मागे सरली आणि तिथूनच बोलली.

"ज्ञानू, म्या चुकून म्हनले. ही माझी लेक न्हाई. तुझी मम्मी हाय."

"देवाशप्पथ?"

"देवाशप्पथ."

"तू नेणार न्हाईस?"

"कुटंच न्हेनार न्हाई."

सुकन्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मिनिटभरापूर्वी मिळालेलं माहेर तिच्यासमोरच परत घेतलं गेलं होतं आणि तिला तक्रार करायलाही जागा नव्हती. चांगुणाने तिच्याकडे पाहायचं टाळलं. हळूहळू पोरीचे हुंदके थांबले. सुकन्याने तिला थंड पुरणाचा एक घास भरवला, मग दुसरा. त्या अख्ख्या जेवणात तो धोंडा चवीने खाल्ला असेल तर तो ज्ञानेश्वरीने.

बाहेर गाड्यांपाशी ऊन नुसतं भाजत होतं. सुकन्या पोरीला घेऊन पुढे गेली. कल्याण मागे रेंगाळला.

"मामी, जेवण काही बरं न्हवतं."

"असूंद्या. तुमी पोटभर खाल्लं ना?"

"खाल्लं." तो चपलेने खडी उकरत राहिला. "मला माहितीय तुम्हाला काय विचारायचं होतं. आठ दिवस ठेवायचं म्हणत असाल तर मी समजावतो तिला. दोन दिवस रडंल, मग रमंल."

कारभारीने आशेने बायकोकडे पाहिलं. एवढ्यासाठी तर सगळा खटाटोप होता. जे मागायला आली ते जावई न मागता हातावर ठेवत होता. चांगुणाने गाडीकडे पाहिलं. ज्ञानेश्वरी मागच्या सीटवर सुकन्याला खेटून बसली होती, आणि सुकन्याची ओढणी तिने आपल्या मनगटाला गुंडाळून घेतली होती.

"नगं," चांगुणा म्हणाली. "दोन दिवस ती माझ्याकडं मम्मी जित्ती हाय का मेली ह्याच घोरात ऱ्हाईल. माझ्या घरात मला तसं पोर बघवायचं न्हाई."

"बाई, अगं," कारभारी म्हणाला.

"नगं म्हनले ना."

कल्याण पाया पडला आणि गाडीत जाऊन बसला. गाडी वळून त्यांच्याजवळ आली तेव्हा मागची काच खाली झाली. रडून सुजलेलं तोंड बाहेर आलं. आजीवर तिचा राग नव्हताच कधी.

"आजी, तू ये आमच्याकडं. केडगावला."

"यीन की."

"मम्मीला न्यायला न्हाई ना?"

"न्हाई गं."

पोरीने जरा विचार केला. तिला अजून एक कोडं सुटत नव्हतं. "मग तुझी लेक कोण?"

कारभारी तोंड फिरवून फाटकाकडे बघायला लागला. एसटीत शेजारी बसलेली अनोळखी बाई विचारायची, मुलंबाळं काय? तेव्हा चांगुणा आजही बेधडक सांगायची, एक लेक हाय, केडगावला दिलीय. तेवढ्या प्रवासापुरती निकिता जिवंत असायची. दुसरं उत्तर तिने आजवर कुणालाच दिलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

"मला लेक न्हाई, बाळा," ती म्हणाली.

ज्ञानेश्वरीच्या चेहऱ्यावरची काळजी गेली. तिने मनगटाची ओढणी सोडली, दोन्ही हात खिडकीतून बाहेर काढले, आणि गाडी रस्त्याला लागेपर्यंत ती आजीला हसून टाटा करत राहिली.