एकशे अडतीस गुंठे

आमचे भाऊजी खुशालराव गावाच्या मते गणितात एकदाच चुकले, आणि गावानं तेवढंच लक्षात ठेवलं. बाकी चाळीस वर्षं ते बरोबर होते, त्याचं कोणाला काय पडलं होतं! बरोबर असणाऱ्या माणसाला गावात फारसं काम नसतं.

ते शाळेत गेले नाहीत. बाळापूरपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात तेव्हा शाळाच नव्हती, आणि असती तरी वांगी-भेंडी लावणाऱ्याच्या पोराला आत कोणी घेतलं नसतं. बाळापूरच्या बाजारात भाजी घेऊन बसता बसता शेजारच्या धान्याच्या मापाऱ्याकडून त्यांनी आकडे उचलले, आणि मग ते थांबेचनात. सावलीवरून देवळाच्या कळसाची उंची काढली. पुजारी म्हणाला, डोळे जातील. डोळे शाबूत राहिले. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना हे नवरदेव भटजींना म्हणाले, तुमच्या घटिकापात्राचं भोक मोठं आहे, मुहूर्ताला अजून वेळ आहे. माझी थोरली बहीण मैनाबाई अंतरपाटापलीकडे हार धरून ताटकळली. पुढं काय वाढून ठेवलंय ते तिला त्याच क्षणी कळलं, असं ती सांगते.

तिनं अंगण सारवायचं आणि यांनी त्यावर काडीनं रेघोट्या ओढायच्या, असा त्यांचा संसार. त्यातली सात वर्षं एका तिकोनावर गेली. तिकोनी वावराच्या आत न शिरता, फक्त तीन बाजूंवरून त्याचं क्षेत्र काढायचं. बांबूच्या चिपा बांधून, जमिनीवर चौकटी आखून ते अखेर त्यांनी काढलं. तिन्ही बाजूंची बेरीज अर्धी करायची. त्या अर्ध्यातून एकेक बाजू वजा करायची. ते तीन आकडे आणि ते अर्धं, सगळं एकमेकांशी गुणायचं. मग जो आकडा स्वतःशीच गुणला की तेवढं येईल, तो शोधायचा. तेच क्षेत्र. चौकोनी वावर असलं तर मधून दोरी धरून दोन तिकोन करायचे.

गावचा पटवारी मात्र समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणून टाकायचा. वावर तिरकं असलं की यात क्षेत्र फुगतं. भाऊजी त्याला भर चावडीत 'गाढवाचं गणित' म्हणायचे. पटवारी त्यांना काय म्हणायचा ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण आपलं खरं आहे, हे त्यांना सांगणारं कोणी नव्हतं. ते अकोल्याला एका मास्तरांकडे गेले. मास्तरांनी भेंडी ठेवून घेतली आणि गणित परत दिलं. मग तीन दिवस चालत अमरावतीला एका शास्त्रीबुवांकडे गेले. बुवांनी विचारलं, गुरू कोण? हे म्हणाले, कोणी नाही. मग हे खरं असूच शकत नाही, असं म्हणून बुवा जेवायला उठले. भाऊजी परत आले आणि आठ दिवस त्यांनी काडी हातात धरली नाही. एकदा वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसून मला म्हणाले, "शालिक, मले शाबासकी नोको. कोन्या जानत्या मान्सानं एकडाव म्हनावं का खुशाल, तुह्यं बरोबर हाय. मंग मी मेलो तरी चालते."

मला तेव्हा हसू आलं होतं. माणसं पोरगा मागतात, पाऊस मागतात. हा माणूस काय मागत होता!

त्याच सुमारास साता समुद्रांपलीकडे कुठंतरी लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला असा भाव आला की गावाला चळच लागला. नत्थुजीनं बैलांच्या शिंगांना चांदी चढवली आणि स्वतः मात्र फाटकं धोतर नेसून बंडी हाकायचा. आधी अकोल्याला कोण पोचतो यावर भावाभावांत डोकी फुटायची. आणि या धांदलीत सरकारची जमीनमोजणी आली. वावर मोजायचं, दप्तरात लिहायचं आणि त्यावर तीस वर्षांचा शेतसारा बांधायचा.

मोजणीदार वामनराव पुण्याकडचे. आमचं बोलणं ऐकलं की दात दुखल्यासारखा चेहरा करायचे. साखळी धरायला त्यांना गडी हवा होता, मी लागलो. लोखंडी कड्यांची, तेहेतीस फूट लांब साखळी. साखळी लांब आणि साखळी रुंद, की एक गुंठा.

आता माझी करणी सांगतो. मोजणीच्या पहिल्याच सकाळी, वामनराव यायच्या आधी, नत्थुजीची कापसाची बंडी नाल्याच्या काळ्या चिखलात आसापर्यंत रुतली. दोर तुटला. नत्थुजी बोंबलत होता, शिंगांवरची चांदी चमकत होती आणि माझ्या खांद्यावर सरकारची साखळी होती. आम्ही ती बंडीला बांधली, पुढं चार बैल जोडले आणि हाकारा केला. बंडी निघाली. साखळीही निघाली, म्हणजे तिची कडी थोडी थोडी उघडली. मी ती धुतली, पुसली आणि वामनरावांच्या हातात दिली. कोणाला काही कळलं नाही.

सगळं गाव मोजून झाल्यावर शेवटी भाऊजींचं नाल्याकाठचं तिरकं वावर आलं. वामनरावांनी बाजू मोजल्या, मधून एक रेघ मोजली, कागदावर मांडलं आणि म्हणाले, "एकशे बत्तीस गुंठे."

"एकशे अडतीस," भाऊजी म्हणाले.

गडी हसले. वामनरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण कोठे शिकलात?"

"वावरात."

"असं? परवा साहेब तपासणीला येताहेत. त्यांच्यापुढे सांगा आपला हिशेब. करमणूक होईल त्यांची."

भाऊजी घरी आले ते जवळजवळ नाचतच. "साहेब येऊन राहिला, शालिक! विलायतेत शिकलेला! त्याले तं समजनच!" मग बसून वामनरावांचा हिशेब तपासू लागले. हिशेबात चूक नव्हती. एकूण एक बाजूच थोडी थोडी कमी होती. रेल्वेच्या कामावरून मिळालेल्या फूटपट्टीनं त्यांनी आपल्या बांबूवर खुणा करून हे वावर कधीच मोजलं होतं, आणि तो बांबू खोटा बोलणार नव्हता. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"साखळी लांब हाय. एक वीत. काहून?"

मी सगळं सांगून टाकलं. मैनाबाई भाकरी थापत होती, तिचे हात थांबले.

"साखळी लांब झाली म्हंजे वावर कमी भरलं?" तिनं विचारलं.

"हो. वीस एकरामांगं एक एकर."

"समद्या गावाचं?"

"समद्या गावाचं."

"म्हंजे तीस वर्सं सारा कमी?"

"हो."

"आन् तुमी खरं सांगतलं तं साहेब साखळी मोजन, गाव पुन्ना मोजन आन् माह्या भावाले बेड्या घालन."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "मंग कायचा इचार करून राहिले?"

कसला ते मला माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदा जाणता माणूस दारात येणार होता, आणि त्याला खरा हिशेब दाखवायचा तर साखळीचं बिंग फुटणार होतं. गप्प बसावं, तर एकशे अडतीस चारचौघांत बोलून बसले होते. तो आकडा आला कुठून, हे साहेब विचारणारच. दोन दिवस ते धड जेवले नाहीत. मला एका शब्दानं बोलले नाहीत, याचाच मला जास्त त्रास झाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी वामनरावांच्या बाजूंचे आकडे त्यांनी मला पुन्हा विचारले आणि अंगणात काहीतरी मांडलं. खूप वेळ त्या आकड्यांकडे बघत बसले आणि पायानं पुसून टाकलं.

सकाळी साहेब आला. चावडीपुढच्या चिंचेखाली खुर्ची, टेबल, चपराशी आणि आमचं सगळं गाव. नत्थुजी तर बैल घेऊन आला होता, साहेबाला शिंगं दाखवायला. साहेब लालबुंद, पण माणूस बरा होता. वामनरावांनी हसत हसत सगळं सांगितलं, तसा त्यानं भाऊजींना पुढं बोलावलं.

"एक सौ अडतीस? कैसा निकाला? बताओ."

भाऊजींनी काडी उचलली. वामनरावांच्या दप्तरातल्याच बाजू त्यांनी जमिनीवर लिहिल्या. समोरासमोरच्या दोन घेतल्या, सरासरी काढली. दुसऱ्या दोन घेतल्या, सरासरी काढली. दोन्ही गुणल्या. एकशे सदतीस आणि वर थोडं.

"वरचं धरून एकशे अडतीस, साहेब," ते म्हणाले.

गाढवाचं गणित! चावडीत एक क्षण कोणाचा विश्वास बसेना. मग पटवारी असा हसला की त्याची पगडी पडली, आणि त्याच्यामागून सारं गाव. "खुशाल्या, लेका, इतके वर्सं हेच करत होता का!" वामनराव तोंडाला उपरणं लावून खोकत होते. मी मात्र जमिनीवरच्या त्या आकड्यांकडे बघत राहिलो. खोटं बोलायचं ठरल्यावर तेही त्यांनी हिशेबानं शोधलं होतं. लांब साखळीच्या बाजू आणि गाढवाची रीत, दोन चुका एकावर एक ठेवल्या की नेमकं त्यांच्या खऱ्या आकड्याशी येऊन टेकत होतं. असं खोटं बोलायला किती गणित यावं लागतं, ते त्या अख्ख्या चिंचेखाली एकट्या मला कळत होतं.

साहेब हसला नाही. त्याला दया आली असावी. खुर्चीवरून उठला, भाऊजींच्या शेजारी उकिडवा बसला आणि त्यांच्या हातून काडी घेतली.

"ये तरीका गलत है. देखो. बीच में एक लकीर. दो तिकोन." त्यानं एक तिकोन काढला, बाजूंवर आकडे टाकले. तेरा, चौदा, पंधरा. "तीनों जोडो. बयालीस. आधा, इक्कीस. अब इक्कीस में से एक एक निकालो. आठ, सात, छे. सब को गुणो..."

भाऊजींचे ओठ हलत होते. साहेबाच्या तोंडून आकडा यायच्या आधी त्यांच्या ओठांवर येत होता, आणि ते तो गिळत होते. सात वर्षं अंगणात जे रेघाटलं, अकोल्यानं परत दिलं, अमरावतीनं उष्टावलंही नाही, ते एक विलायती माणूस ओळीनं ओळ, तस्संच्या तस्सं मातीत लिहीत होता.

"चौरासी," साहेब म्हणाला. "ये पक्का है. पूरी दुनिया में पक्का है. समझा?"

भाऊजींच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मिशीवरून त्या चौऱ्यांशीवर दोन थेंब पडले. साहेबाला वाटलं, गरीब बिचारा, शिकायला मिळालं म्हणून गहिवरला. त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"समझा?"

भाऊजींनी मान हलवली. "नाई समजलं, साहेब," ते म्हणाले. "पुन्ना एकडाव सांगा."

गाव फुटलं. माणसं एकमेकांच्या अंगावर कोसळत होती. साहेबानं हातानं माती सारखी केली आणि पुन्हा पहिल्यापासून, अधिक सावकाश, सांगायला लागला. भाऊजी त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी लग्नातही पाहिलं नव्हतं. नत्थुजीनं माझ्या पाठीत गुद्दा हाणला, "हास न बे, तुह्या भाटव्यानं तं कमाल केली!" मी हसलो. सरकारची साखळी माझ्या खांद्यावर होती, वामनराव माझ्याचकडे बघत होते, आणि मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसलो.