कोड नव्हतं ते

खो-खोत मंजुश्री खांबाला वळसा घालायची तेव्हा बघणाऱ्यांच्या माना मागंच राहायच्या, इतकी चपळ! तीच एकदा उदगीरच्या मैदानावर गुडघ्यावर आपटली. खरचटलं, बरंही झालं. पण काही दिवसांनी त्याच जागी पांढरा, चकचकीत डाग उठला आणि तिच्या अव्वानं, म्हणजे आई कमलम्मानं, बघताक्षणी ठरवूनच टाकलं. कोड!

"कुणापाशी बोलायचं न्हाई. अप्पाला बी न्हाई. उद्या स्थळं कशी येतील?"

"अव्वा, मी नववीत हाय! स्थळ आलं तर त्यालाच खो देऊन पळते बघ."

हाफ पँट बंद झाली, कोडावरचं बावचीचं तेल सुरू झालं. रोज सकाळी दार लावून कमलम्मा ते जोर लावून चोळायची.

"लई घट्ट लागतंय अव्वा. आतून ओढल्यावानी."

"गप. तेल मुरून राहिलंय."

दहावीत गेली तेव्हा मंजुश्रीला खेळात उकिडवं बसताच येईना. गुडघा निम्म्यातच अडायचा. मग कुठं अप्पांना, म्हणजे वडील गुंडप्पांना, कळलं. किराणा दुकानाला कुलूप लावून ते दोघींना लातूरला घेऊन गेले.

कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी डाग चिमटीत धरायला पाहिलं. धरताच येईना.

"कोड नाही हे. कोडात कातडी मऊच राहते. इथं वरची कातडी पातळ होऊन पांढरी पडलीय आणि खालची आवळत गेलीय. दोन आजार एकात एक. कुणी बोट लावून पाहिलं नव्हतं का?"

बोट? वर्षभर कमलम्माचीच बोटं त्यावर फिरत होती. बोटांना कळलं होतं. तिनंच त्यांचं ऐकलं नव्हतं.

"माझ्या चोळण्यानं झालं का हो?"

"मारानं, घासण्यानं कधी कधी उठतं असं. कधी कारणच सापडत नाही. औषध आणि व्यायाम सुरू करू. पण आवळलेलं किती सुटेल, ते आज सांगता येत नाही. लवकर यायला हवं होतं."

परतीच्या एसटीत गुंडप्पा एवढंच म्हणाले, "मला तरी सांगायचं होतंस." ते ओरडले असते तर कमलम्माला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मंजुश्री अंगणात दाराची चौकट धरून गुडघा वाकवत होती, ओठ दातांखाली धरून. शेजारच्या केवळाबाई भिंतीवरून डोकावल्या.

"अजून मुरगळलेलाच हाय का ओ पोरीचा पाय?"

ही थाप कमलम्माचीच. मंजुश्री अव्वाकडं बघत राहिली.

कमलम्मानं खाली बसून पोरीची सलवार गुडघ्याच्या वर सरकवली.

"मुरगळला न्हाई. इकडं या, हात लावून बघा."

केवळाबाई आल्या, पदराला हात पुसून त्यांनी डाग चाचपला. "अगं बाई, लाकडावानी लागतंय की!"

"हाव," कमलम्मा म्हणाली, "माझ्या हाताला पहिल्यापासनंच लागत होतं."