जादू नसलेला एकटा माणूस

मित्रांनो, माझ्या एका बाजूला पिवळी लिंबे छापली आहेत आणि दुसऱ्या बाजूला एक शहर काढले आहे. मी दूरच्या समुद्रकाठच्या स्फाक्स गावातल्या एका घरचे, जेवणाच्या टेबलावरचे जुने मेणकापड.

बाजारातल्या दुकानदाराने मला मोठ्या गुंडाळीतून कापले आणि सलवाबाईंनी घरी आणले. पुढे कित्येक वर्षे मी गरम पातेली आणि लाल मिरचीच्या हरिसा चटणीचे डाग सोसले. कडा फाटल्या तेव्हा त्यांनी मला टाकायला काढले. पण त्यांच्या मुलाने, वसीमने, मला उलटे पसरले. मागची बाजू पांढरी होती.

वसीम, त्याची मामेबहीण रानिया आणि शेजारचा स्कंदर यांना एका खेळासाठी जग रचायचे होते. वसीम गोष्ट सांगणार, बाकीचे तिच्यातली माणसे होणार, आणि अडेल तिथे फासे टाकायचे.

"राजे नकोत, जादूगार नकोत," रानिया म्हणाली. "साधीच माणसं घेऊ. पण प्रत्येकाला जन्मापासून काहीतरी येतं."

मग आमची गल्लीच माझ्यावर उतरली. न्हाव्याचा हात लागला की डोके दुखायचे थांबे. मासेवालीने हाक मारली की समुद्र गप्प बसे. वेशीवरचा पहारेकरी विचारी, "तुला काय येतं?" उत्तर दिले की दार उघडे. शेजारीपाजारी येऊन माझ्यावर आपापली जादू शोधत आणि खूश होऊन जात. माझे ते मानाचे दिवस होते.

वसीमचे वडील लसाद ज्या कारखान्यात होते तो बंद पडला होता. ते दिवसभर कोपऱ्यावरच्या कॅफेत एकाच कॉफीवर बसून असत.

"कॅफे राहिलाच की रे," एकदा स्कंदर हसत म्हणाला. "तिथे कोणाला बसवायचं?"

वसीमचे कान तापले. दुसऱ्याने थट्टा करण्याआधी आपणच केलेली बरी, म्हणून त्याने घाईघाईने खुर्चीतला माणूस काढला आणि खाली लिहिले, 'खुर्चीला चिकटलेला. साऱ्या शहरात यालाच काही येत नाही.' तिघेही पोट धरून हसले. ती शाई अंगात मुरत गेली आणि मला माझ्याच अंगाची लाज वाटली.

काही दिवसांनी ते खेळत असताना लसाद चहा घेऊन आले. ट्रे ठेवायला जागा शोधताना त्यांनी ते वाचले.

"सगळ्यांना येतं म्हणता ना?"

रानियाने ओठ चावला.

"असतो एखादा," ते म्हणाले. प्रत्येकापुढे पेला ठेवून ते निघून गेले.

त्यानंतर ते कॅफेत गेले नाहीत. बंदरावर एकटेच फिरत. घरच्यांचे आटोपल्यावर जेवत. वसीमने व्हिनेगर लावून मला घासघास घासले. अक्षरे गेली नाहीत, मीच तिथे विरले.

एका दुपारी वडील एकटे जेवत होते. वसीम समोर येऊन बसला.

"बाबा, ते स्कंदरने नाही, मी लिहिलं."

"तुझं अक्षर ओळखतो मी."

"तुम्हाला पाहिजे ते देतो. लोखंड वाकवणं, वारा थांबवणं..."

"आता भीक घालतोस होय?" लसाद शांतपणे म्हणाले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "त्याला तसाच राहू दे. पण मला खेळायला घे."

पुढच्या खेळात ते तोच खुर्चीतला माणूस झाले आणि चालत वेशीपाशी आले. पहारेकरी वसीमच होता. विचारणे त्याला भागच होते.

"तुला... तुम्हाला काय येतं?"

"काही नाही," लसाद म्हणाले. "पण माझं घर आत आहे."

फाशांना कोणी हात लावला नाही. वसीमची मान खाली गेली. "या," एवढेच तो कसेबसे म्हणाला. तेव्हापासून त्या वेशीवर कोणालाच काही विचारत नाहीत.

लसाद आता पुन्हा कॅफेत जातात. वसीम मात्र अजून त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवत नाही.

मित्रांनो, तुम्हीही जगे रचा, माझ्यासारख्यांवर खुशाल डाग पाडा. पण आपल्या माणसाची लाज वाटली म्हणून त्याचे चित्र काढू नका. मेणकापडाला 'नको' म्हणता येत नाही.