लाल एप्रनचे ठाम म्हणणे

मित्रांनो, मी एक जुना लाल एप्रन आहे. मला उगाच कीव करणारे चेहरे दाखवू नका, मला कुणाची दया नको. माझे तेवढे ऐकून घ्या.

जाड सुती कापड, दुहेरी शिवण, पुढे ऐसपैस खिसा. मला शिवले ते पिठापासून कपडे वाचवायला. पण ज्या बेकरीत मी आलो, तिथल्या जुन्या मुकादमाला भलतीच युक्ती सुचली. बाकी सगळे एप्रन पांढरे. ज्याच्या हातून माल बिघडेल, त्याने दिवसभर मला घालायचे. आधी लोक हसायचे, मग गप्प झाले. कोणी मला घातले की त्याच्याशेजारी डबा उघडायलाही कोणी बसत नसे. मला मनस्वी चीड यायची, पण खुंटीवर टांगलेल्याला विचारतो कोण?

मुकादम गेला आणि पॅकिंगच्या टेबलावरची ताई त्याच्या जागी आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, एका सकाळी दवाखान्यात पाठवायचे सगळे पाव जळून कोळसा झाले.

मालकांनी मला खुंटीवरून खेचले. "हा आज ज्याच्या गळ्यात जाईल, तो उद्यापासून घरी," ते गरजले. सगळ्यांची बोटे भट्टीवाल्या काकांकडे वळली. घरात कमावणारे ते एकटेच होते.

ताईचेही कान तापले होते, मी पाहिले. ती पेलाभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "शेठ, आधी पाव. तिकडे पेशंट खोळंबलेत." तिने दुसरी भट्टी पेटवायला लावली. उशीर होईल, असे दवाखान्याला फोन करून सांगितले. मग काकांसमोर स्टूल ओढून बसली.

"कोणी केलं ते राहू द्या, काका. काय झालं ते सांगा."

"भट्टीचा उष्णता दाखवणारा काटा अडकतोय गं. बरेच दिवस झाले. थोपटून थोपटून चालवत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

काकांनी माझ्याकडे बोट दाखवले. "बोललो असतो तर हा माझ्याच गळ्यात आला असता."

सगळे माझ्याकडे बघू लागले. वा! म्हणजे आता खापर माझ्या माथी? मी कधी कुणाच्या गळ्यात आपणहून गेलो होतो का? मला बांधणारे हात कोणाचे होते, ते बघा की!

मालक थोडे वरमले, पण हट्ट सोडेनात. "मग हा घालायचा कोणी?"

"कोणीच नाही," ताई म्हणाली. तिने मला त्यांच्या हातातून घेतले, चौपदरी घडी केली आणि माझ्याच आधाराने नव्या पावांचा तापलेला ट्रे बाहेर ओढला. मी चांगलाच भाजलो. तरी जन्मात पहिल्यांदा मला बरे वाटले.

काटा बदलला. काका अजून त्याच भट्टीवर आहेत, आणि हल्ली काही बिघडले की सगळ्यांत आधी तेच ताईला हाक मारतात.

तेव्हा मित्रांनो, उद्या तुमच्या हाताखाली चार माणसे आली, तर काम बिघडल्यावर आधी पाणी प्या, मग काय झाले ते विचारा. मला खुशाल वापरा. पीठ पुसा, ट्रे धरा, फाटलो तर फरशी पुसा. पण कुणाची मान खाली घालायला मला पुन्हा हात लावलात, तर सांगून ठेवतो, बांधायच्या आधीच मी उभा फाटेन.