पेपरमिंटची गोळी

या, जरा पुढे सरकून बसा. आमच्या माउंट नेबो चर्चच्या ओझेला प्रुइट यांची गोष्ट सांगायची आहे, आणि ती मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. का नाही, ते ऐकताऐकता कळेल.

ओझेलाबाईंनी पर्समधून पेपरमिंटची गोळी काढली, कागदाचा आवाज होऊ नये म्हणून पर्सच्या आतच ती सोलली, जिभेखाली ठेवली आणि मग समोरच्या वाक्यावर पेन्सिल टेकवली.

‘ब्राउनसाहेब आणि त्यांची दोन मुले दर शनिवारी तळ्यावर गळ टाकायला जातो.’

खाली पर्याय दिले होते. कोणता शब्द बदलाल? वाचनालयाच्या मागच्या खोलीत बाकीची मंडळी माना खाली घालून बसली होती. सगळी मोठी माणसे. कामावरून थेट आलेली, कुणाच्या बुटांना अजून चिखल लागलेला. ओझेलाबाईंना शब्द दिसत होते, पण अर्थ लागत नव्हता. भीती वाटली की त्यांचे असेच व्हायचे, अक्षरे पाण्यावर तरंगल्यासारखी हलायला लागायची. त्यांनी डोळे मिटले. गोळीच्या मागून, घशाच्या तळातून एक बारीक सूर निघाला. वाक्य त्या सुरावर चालू लागले, ब्राउनसाहेब, मुले, शनिवार, तळे, आणि शेवटच्या शब्दाशी अडखळले. अंधारात पायरी चुकावी तसे. त्यांनी डोळे उघडून ‘जातात’वर खूण केली.

“मिस ओझेला, पुन्हा गुणगुणलात.” शिकवणारी मिस पेटवे त्यांच्या मागेच उभी होती. वयाने त्यांच्या धाकट्या मुलीएवढी.

“मी? अगं, तोंडात गोळी आहे माझ्या.”

“गोळीसकट गुणगुणलात.”

खोलीत हशा पिकला. माशांच्या कारखान्यात काम करणारा धिप्पाड लूशस खुर्ची मागे रेलून म्हणाला, “गाऊ द्या की त्यांना, मिस पेटवे. त्यांचा सूर जिथे अडतो तिथे मी खूण करतो. मागच्या वेळी सगळी उत्तरं बरोबर आली माझी.”

“तेच तर!” मिस पेटवे हसली नाही. खुर्ची ओढून ती ओझेलाबाईंजवळ बसली आणि आवाज उतरवून बोलू लागली. “ऐका माझं. परीक्षेच्या हॉलमध्ये याला उत्तर सांगणं म्हणतात. पहिल्यांदा आवाज झाला तर ताकीद. दुसऱ्यांदा झाला तर पेपर काढून घेतात. मग पुन्हा बसायचं ते थेट ऑगस्टमध्ये.”

“ऑगस्ट नाही चालणार गं.”

“माहीत आहे. म्हणून सांगते. तुमचा कान सोन्याचा आहे, मिस ओझेला. पण तोंडाला कुलूप लावा.”

ऑगस्ट चालणार नव्हता, कारण ओझेलाबाई ज्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्या बायकांची उठबस करत त्याचे मालक बदलले होते. नव्या मालकांचा नियम आला. रुग्णाला हात लावणाऱ्या प्रत्येकाने शाळा पुरी केल्याचा दाखला जूनअखेर आणून द्यायचा. नाही दिला तर काम बंद. ओझेलाबाईंची शाळा नववीत सुटली, आईची कंबर कापसाच्या शेतात गेली तेव्हा. तो दाखला मिळवायचा तर मोठ्या माणसांसाठी असलेली ही परीक्षा पास होणे एवढाच रस्ता होता. बाकीचे विषय देवाच्या कृपेने पार पडले होते. उरला होता हा एक, भाषेचा: आधी मोडकी वाक्ये दुरुस्त करायची, मग निबंध.

आणि हे सगळे चर्चमध्ये कुणालाही कळता कामा नये होते. ही भीती नोकरीच्या भीतीच्याही खाली, खोल बसलेली होती. ओझेलाबाई म्हणजे चर्चच्या ‘मदर’, मानाच्या वडीलधाऱ्या बाई. पांढऱ्या कपड्यांत, पांढरी हॅट घालून पहिल्या बाकावर बसणाऱ्यांपैकी. जूनमध्ये आमच्याकडे पदवीचा रविवार होतो. त्या वर्षी शाळा पुरी केलेली मुले झगा आणि टोपी घालून मधल्या वाटेने चालत येतात, आणि चर्चचा कारभार बघणारे डीकन टोलिव्हर एकेकाला माइकपाशी उभे करून विचारतात, “नाव? शाळा? पुढे काय? मोठ्याने बोल, पोरा, मागच्या बाकापर्यंत जाऊ दे!” ते सगळे झगे आदल्या दिवशी इस्त्री करतात त्या ओझेलाबाई. एकदा एका पोरीने सहज विचारले होते, “मदर प्रुइट, तुम्ही कुठल्या शाळेच्या?” त्यांनी शाळेचे नाव सांगितले. ते खरेच होते. पुढचे पोरीने मनानेच धरले, आणि ओझेलाबाईंनी झग्याची चुणी पुन्हा एकदा इस्त्रीखाली घेतली.

म्हणून तर ही शेजारच्या गावातली शिकवणी. म्हणून गाडी वाचनालयाच्या दारात न लावता लाँड्रीच्या मागे लावायची.

त्यांनी तोंडाला कुलूप लावायचा सराव सुरू केला. भांडी घासताना गाणे बंद. कपडे वाळत घालताना बंद. शेजारची व्हर्नेल कुंपणावरून डोकावून म्हणाली, “काय गं, बरं नाही का? तुझ्या घरात कुणी मेल्यासारखं वाटतंय.” रविवारी मात्र कुलूप टिकत नसे. रेव्हरंडचे प्रवचन बोलण्यातून गाण्यात चढू लागले, प्रत्येक ओळीशेवटी त्यांचा श्वास धाप लागल्यासारखा तुटू लागला, की ओझेलाबाई मनात म्हणायच्या, इथे पूर्णविराम. इथे पूर्णविराम. मिस पेटवेने फळ्यावर कितीदा सांगूनही जे डोक्यात शिरले नव्हते ते असे शिरत होते.

आणि डीकन टोलिव्हर उभे राहिले की तर बोलल्याशिवाय गत्यंतरच नसे. आमच्याकडे जुनी स्तोत्रे अजून ओळ देऊन म्हणतात. डीकन एक ओळ बोलतात, सारे चर्च ती लांबवत, घोळवत गाते, मग ते पुढची ओळ देतात. डीकनच्या हाती कधी पुस्तक नसे. पण बायको गेल्यापासून मधेच त्यांचा आवाज अडायचा. छाती भरून श्वास घेतलेला ऐकू यायचा, आणि ओळ यायचीच नाही. तेव्हा पहिल्या बाकावरून ओझेलाबाईंनी म्हणायचे, “सावकाश, डीकन. घाई कुणालाच नाही.” मग मागून ‘आमेन’ उठायचे आणि ओळ सुटायची. हे त्यांचे कामच होऊन बसले होते.

परीक्षा कॉलेजच्या व्यायामशाळेत होती. ओझेलाबाई जमिनीकडे बघत आत शिरल्या आणि जमिनीकडे बघतच आपल्या टेबलाशी बसल्या. पर्यवेक्षक बाई उंच, चष्मेवाल्या, रबरी तळाचे बूट घातलेल्या. जवळ आल्याचे कळायचे ते सावली पडल्यावर. त्यांनी नियम वाचून दाखवले. जसे मिस पेटवेने सांगितले होते तसेच.

सुरुवातीची वाक्ये बरी गेली. मग एक लांबलचक आले. कुणीतरी मुलाखतीला निघाले होते, बस चुकली होती, पाऊस लागला होता, सगळे एकाला एक चिकटलेले. ओझेलाबाईंनी ते एकदा वाचले, दोनदा वाचले. कागदावर सावली आली तेव्हा त्यांना कळले की घसा आपोआप चालू झाला होता.

पर्यवेक्षक बाईंनी एक बोट वर केले. “ही एक.”

ओझेलाबाईंनी मान हलवली. पर्समधून आणखी एक गोळी काढून तोंडात टाकली. आता दोन्ही गालांत एकेक. जीभ हलवायला जागा उरली नाही. तसेच दात आवळून त्यांनी उरलेली वाक्ये संपवली आणि निबंधाचे पान उलटले. ‘ज्याच्याकडून तुम्ही काही शिकलात अशा माणसाविषयी लिहा.’ त्यांनी आईविषयी लिहायला घेतले. लिहितालिहिता अक्षरे स्थिर झाली. रेव्हरंडचा श्वास आठवून त्या जागोजागी पूर्णविराम देत गेल्या. अर्धे पान भरले तेव्हा मान मोकळी करायला त्यांनी डोके वर उचलले.

तिरक्या रांगेत, पुढे, राखाडी कोट. मानेवर दुमडलेली तपकिरी वळी. खुर्चीखाली ठेवलेली, दर रविवारी चर्चमध्ये दिसणारी ती हॅट.

ओझेलाबाईंनी ओळखले. डीकन टोलिव्हर! त्यांनी डाव्या हाताने चेहरा झाकला. हे इथे कशाला? देखरेखीला बोलावले असतील. मागे वळले तर? रविवारी माइकवर, सगळ्यांसमोर, नाव, शाळा... त्यांनी बोटांच्या फटीतून पाहिले. डीकनच्या हातात पेन्सिल होती. समोर तेच पान होते. कोरे.

घड्याळ पुढे सरकत होते. ओझेलाबाईंनी एक वाक्य लिहिले, वर पाहिले. पान कोरेच. दुसरे लिहिले. डीकनचे खांदे हळूहळू वर चढले, आणि त्या गप्प हॉलमध्ये त्यांना तो श्वास ऐकू आला, छाती भरून घेतलेला. त्यानंतर काहीच आले नाही. डीकननी पेन्सिल खाली ठेवली. त्यांचा हात खुर्चीखालच्या हॅटकडे गेला.

ओझेलाबाईंच्या दातांखाली गोळी फुटली.

“सावकाश, डीकन,” त्या म्हणाल्या. “घाई कुणालाच नाही.”

“आमेन,” मागे परीक्षेलाच बसलेल्या लूशसच्या तोंडून निसटले.

डीकननी मागे वळून पाहिले नाही. हॅटवरचा हात मात्र सुटला.

रबरी तळाचे बूट येत होते. “तुम्हाला ही एक,” असे लूशसला म्हणून पर्यवेक्षक बाई ओझेलाबाईंच्या टेबलाशी थांबल्या. काही क्षण त्या अर्ध्या भरलेल्या पानाकडे बघत राहिल्या. “बाई, मला नियमाप्रमाणे...”

“हो, बाळा. तू तुझं काम कर.”

त्यांनी पेन्सिल पानावर आडवी ठेवली आणि पर्स उचलली. दाराकडची वाट डीकनच्या टेबलावरून जात होती. जाताजाता त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यावर एक पेपरमिंटची गोळी ठेवली. पाहिले नाही.

वृद्धाश्रमाचा जून म्हणजे जूनच. व्यवस्थापक वाईट वाटून घेत म्हणाला की नाइलाज आहे, आता हे शेवटचे काही आठवडे. ओझेलाबाईंनी त्याला कॉफी करून दिली. घरी आल्या की त्या दिवा न लावता बसून राहत. रात्री नोकरीची भीती वाटे, आणि सकाळी, डीकन कधी बोलतील याची. ते बोलत नव्हते. रविवारी ओळ देताना त्यांची नजर बाकावरून सरकून जाई. त्यांचा आवाजही आताशा अडत नव्हता, त्यामुळे ओझेलाबाईंना तोंड उघडावे लागत नव्हते.

पदवीच्या रविवाराच्या आदल्या दिवशी त्या चर्चच्या तळघरात झगे इस्त्री करत होत्या. डीकन जिना उतरून आले. हातात एक झगा, भलताच लांब.

“हा कुणाचा?” ओझेलाबाईंनी विचारले. “एवढा उंच पोरगा कोण आहे आपल्यात?”

“आहे एक. जरा उशिरा वाढला.”

इस्त्रीने वाफ सोडली. ओझेलाबाईंनी झगा इस्त्रीच्या फळीवर पसरला आणि बाही सरळ केली.

“ऑगस्टमध्ये पुन्हा आहे म्हणे तो पेपर,” डीकन म्हणाले.

“असेल.”

“तोवर माझी गाडी रिकामीच जाईल वाचनालयाच्या बाजूला.”

“तिथे गाडी लावायची पंचाईत असते.”

“मला सांगता? लाँड्रीमागची जागा तुमची ठरलेली. माझी शिकवणीची तुकडी दुपारची. निघताना रोज तुमची गाडी येताना दिसायची. मी आपला पेट्रोल पंपाच्या मागे लावायचो, तुम्हाला दिसू नये म्हणून.”

ओझेलाबाईंची इस्त्री थांबली. म्हणजे पहिल्यापासून माहीत होते यांना.

“उद्या माझं नाव घेऊ नका, डीकन.”

“नाही घेणार, सिस्टर प्रुइट.”

रविवारी मुले आली, एकेकाने नाव सांगितले, शाळा सांगितली, टाळ्या झाल्या. मग डीकन माइक सोडून मागे गेले, आणि थोड्या वेळाने मधल्या वाटेने एकटेच चालत आले. पांढऱ्या केसांवर चौकोनी टोपी, अंगात तो लांब झगा. बाकांवरचे हातपंखे थांबले.

विचारायला कुणी उरले नव्हते, म्हणून रेव्हरंडनीच विचारले, “नाव?”

“क्लीओफस टोलिव्हर.”

“शाळा?”

डीकननी छाती भरून श्वास घेतला. ओळ आली नाही.

सगळ्यांच्या माना पहिल्या बाकाकडे वळल्या. ओझेलाबाईंच्या तोंडात गोळी होती. ती त्यांनी जिभेने गालात सारली.

“सावकाश, डीकन,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला. “घाई कुणालाच नाही.”

त्या दिवसानंतर ओझेलाबाईंची गाडी वाचनालयाच्या दारातच उभी असते. म्हणून तर तुम्हाला हे सांगता येते आहे. त्यांच्या हाताला काम नाही आणि भीती अजून गेलेली नाही. पेपर ऑगस्टमधल्या शनिवारी सकाळी आहे. तेव्हा तुम्ही कुठेही असा, स्वयंपाकघरात, शेतात, गाडीत, ओझेला प्रुइट यांची आठवण ठेवा. प्रार्थनेत त्यांचे नाव घ्या. पण मनातल्या मनात घ्या. आवाज करू नका.