माळवदावरची माती

मार्थाबाई कुणापुढं हात जोडतील असं मला कधी वाटलं नव्हतं. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांनी ते बांधकाम खात्याच्या साहेबांपुढं जोडले. बाई आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, मी त्यांच्या हाताखालचा मास्तर. इमारत मिशनच्या काळातली, दगडी. तुळया वाकून मधल्या वर्गाचं दार चौकटीत इतकं आवळलं होतं, की पोरं आणि मीसुद्धा खिडकीतून आत उतरायचो.

"पाडून टाका," साहेब म्हणाले. "मुलं नेवाशाला शिकतील."

मुलगे गेलेही असते. पोरींना एवढ्या लांब कोण धाडतंय? बाईंची झोप उडाली ती पोरींपायी.

लाकूड कुजलंय हे दाखवायला साहेब माळवदावर चढले आणि त्यांनी मातीत पहार घातली. पहार हातभर आत गेली, तेव्हा कुठं लाकूड लागलं. तेही खणखणीत.

"हे छप्पर आहे की शेत?"

बाई ताठ झाल्या. "सातवी पास झालेलं प्रत्येक लेकरू जाताना एक पाटी माती वर टाकतं. छत गळू नये म्हणून. माझे वडील इथं सातवी झाले, तेव्हापासूनची रीत आहे."

साहेबांना हसू आवरेना. "बाई, तुळया शाबूत आहेत. तुमच्या मायेच्या ओझ्यानं वाकल्यात. वीतभर माती ठेवा, बाकीची उतरवा. तुळया सावरल्या तर पाडायचं कारण नाही."

त्या दिवशी बाई सगळ्यांवर खेकसल्या, माझ्यावर जरा जास्तच. वडिलांच्या हातची माती खाली फेकायची? जीव तुटत होता त्यांचा.

संध्याकाळी दुष्काळी कामावर खडी फोडून परतणारी झुंबरबाई शाळेपाशी थांबली. ती बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. "बाई, माजीबी पाटी हाय वर. मी टाकली, मीच उतरवते. माज्या पोरीला साळा नको व्हय?"

बाईंनी पदर खोचला. पहिली पाटी त्यांनीच भरली. मग रोज खडीवरून सुटलेल्या बाया येऊ लागल्या. अंगणात लिंबाखाली मातीचा ढीग चढत गेला. साहेब पुन्हा आले, तुळया निरखून म्हणाले, "चालवा शाळा."

शाळा उघडली त्या सकाळी सवयीनं मी खिडकीवर पाय ठेवला, तोच करकर आवाज झाला. मधलं दार सताड उघडं होतं. बाईंनी ते लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. डोळ्यांतून धारा लागलेल्या, तरी आवाज नेहमीचाच चढा.

"खिडकीतून कसले येताय, मास्तर? माणसासारखे दारातून या!"