मेट्रनबाईंचा पांढरा गणवेश

"पांढरं सगळं उडालंय, बाबा." मुलीनं कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवलं. "बिल्ला कुठाय? खिसा कुठाय?"

फोटोवाल्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मेट्रनबाईंच्या गणवेशाच्या जागी कोरा कागद, आणि त्यावर ठेवलेला एक हसरा चेहरा.

"छापताना दाबून, जरा गडद करून बघ."

"दाबायला काही उरलंय का? फिल्म नाहीये ही. उडालं ते उडालं."

चाळीस वर्षं त्यांनी उजेडाचं मीटर सांगेल त्याहून एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पटच उजेड दिला होता. मीटरच्या पाठीवर तशी चिकटपट्टीच होती : 'एक जास्त'. निगेटिव्हला उजेड कमी पडला की सावल्या मेल्या. जास्त झाला तर डार्करूममध्ये निस्तरता येई. भाजीवाली तोलून झाल्यावर वर मूठभर टाकते, तसला हा उजेड. यंत्र बदलून डिजिटल आलं, मूठ तीच राहिली.

पावणेतीन वाजले होते. चारला मेट्रनबाई निवृत्त होणार आणि गणवेश हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये जमा करणार.

"मी जाते," मुलगी म्हणाली. "आणि उद्यापासून बाहेरची कामं माझ्याकडे. तुम्ही दुकानात बसा."

"उद्याचं उद्या. आज मी घाण केलीय, मीच निस्तरतो."

हॉस्पिटलपर्यंतच्या वाटेत त्यांनी तीनदा बॅग उघडून बॅटरी आहे ना ते पाहिलं. चौथ्यांदा चेन ओढताना त्यांना कापडगिरणीचं काम आठवलं. कॅटलॉगसाठी स्लाइड काढायच्या होत्या, ज्यांना डार्करूममध्ये निस्तरणं नसतं, आणि जास्त उजेडानं धोतरजोड्यासारख्या पांढऱ्या झालेल्या स्लाइडचं सगळं खोकं मॅनेजरनं परत पाठवलं होतं. पुढे सहा महिने, गिरणीचं काम होतं तोवर, ते उजेडाच्या बाबतीत कवडीचुंबक झाले होते : आधी पांढरं सांभाळायचं, मग बाकीचं. म्हणजे हे नवं यंत्र स्लाइडच्या कुळातलं निघालं, आणि आपण दोन वर्षं त्याला निगेटिव्हचा खुराक घालत बसलो.

मेट्रनबाई किल्ल्यांचा जुडगा नव्या बाईंच्या हाती देत होत्या.

"परत? सकाळी डोळे मिटले होते का माझे?"

"तुमचे उघडे होते. मिटले होते ते माझे."

त्यांनी बाईंना खिडकीपाशी उभं केलं, मीटर बाहीजवळ धरलं. बोट सवयीनं एक स्टॉप वर सरकलं. ते त्यांनी खाली आणलं, शिवाय आणखी अर्धा स्टॉप काढून घेतला. जिवावर आलं, पण घेतला.

बाई कॅमेऱ्याच्या पाठीवर वाकल्या. "चेहरा काळवंडलाय की हो."

"तो उजळता येतो. पांढरं गेलं की परत येत नाही."

"खिशाचं रफू पण आलंय."

"मुलगी पुसून देईल कॉम्प्युटरवर."

बाईंनी खिशाच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. "नको. माझ्या हातचं आहे. आत्ता कपड्याबरोबर तेही जमा होईल."

संध्याकाळी मुलीनं चेहरा उजळला आणि फोटो मोठा करत नेला. बिल्ल्यावरची अक्षरं, चुण्या, आणि रफूचे अकरा टाके. दोरा कपड्यापेक्षा किंचित पिवळा.

"उद्या नऊला शाळेचा ग्रुप आहे," ती म्हणाली. "वेळेवर निघा."

फोटोवाले स्टुलावर बसून नखानं मीटरवरची चिकटपट्टी खरवडत होते. पट्टी निघाली तेव्हा तिच्या खालचं प्लास्टिक मीटरच्या बाकीच्या भागापेक्षा पांढरं होतं.